दहा मुलांची बाटली

...आणि वर मलाच म्हणतात, विचारायला काय जातं? काय जातं! तुम्हाला सांगतो, तुमचं काही जात नाही हो, तुम्ही आपले खुर्चीत बसलाय, पंखा चालू आहे, ऐकताय... माझं विचारा! माझी अब्रू गेली, चपलेचा अंगठा गेला, सख्खा साडू गेला... म्हणजे आहे, जिवंत आहे, ठणठणीत आहे, तेच तर दुःख आहे... आणि बायको! बायको तर अशी गपचूप गेली त्या लोकांच्या बाजूला की मला पत्ताच नाही! शेजारी बसून चहा पितेय आणि आतून तिकडे सामील! तुम्ही म्हणाल, एवढं झालं काय? सांगतो ना. पहिल्यापासून सांगतो. फक्त मध्ये बोलू नका, माझी गाडी रुळावरून घसरते मग.

मी जॅमच्या कारखान्यात आहे. फळं उकळतात, साखर पडते, आणि बरणीत भरायच्या आधी त्यात प्रिझर्व्हेटिव्ह मोजून टाकतो तो मी. टिकवणारा माणूस! तुमच्या घरातली बरणी उघडून कितीतरी दिवस झाले आणि तरी वर बुरशी नाही, तर देवाच्या खालोखाल माझे आभार माना. आणि लग्न झाल्यापासून, सासरी गेलो की सासूबाई जॅमची बरणी अश्शी दिव्यासमोर धरतात आणि विचारतात, "जावईबापू, यात काही घातलेलं नाही ना?" घातलंय! मोजून घातलंय! मीच घातलंय! "अगबाई, मग बाधणार तर नाही?" अहो, नाही घातलं तर बाधेल! तुम्ही तो ओला चमचा खुपसता ना आत... एकदा तुम्ही, एकदा तुमची बहीण, एकदा नातू, तो तर चाटून परत खुपसतो... त्या चमच्याबरोबर काय काय आत जातं, त्याच्या बंदोबस्तासाठी घातलंय! हे मी सासूबाईंना दर खेपेला सांगतो. तो ओला चमचा लक्षात ठेवा हं. पुढे तो माझ्याच घशात जाणार आहे.

तर आमची मुलगी. गुंडी. नऊ महिन्यांची. खरं नाव वेगळं आहे, पण शर्टाच्या गुंडीएवढं नाक, म्हणून गुंडी. आणि आमचे साडूभाऊ... हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पडद्यांचं दुकान आहे त्यांचं, राहायला आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर! अक्षरशः डोक्यावर, त्यांची मोरी आमच्या स्वयंपाकघरात गळते. त्यांचा मुलगा गुंडीच्याच वयाचा, त्याला सगळे पैलवान म्हणतात. तर एक दिवस साडूभाऊंचा मेसेज येतो. लाल अक्षरं, खाली कवटी, आणि काय? 'तुमच्या बाळाच्या लसीत पारा!!!' तीन उद्गारचिन्हं!

पारा! लहानपणी माझ्या हातून थर्मामीटर फुटला होता. ते चकचकीत थेंब फरशीवर पळतायत आणि मी आपला बोटानं त्यांच्या मागे... आई धावत आली, आधी पाठीत धपाटा, मग हात धुतले, मग परत धपाटा. "विष आहे ते, विष! हात लावशील परत?" ते माझ्या डोक्यात बसलेलं. आणि आता तेच माझ्या गुंडीला सुईनं? मी कामावरून घरी आलो, ती पाळण्यात पायाचा अंगठा तोंडात घालून पडलेली, माझ्याकडे बघून हसली... खरं सांगतो, मला रडू आलं. बापाला भीती वाटते हो. बापाला भीती वाटायला डिग्री लागत नाही.

मी वर गेलो. म्हटलं, "साडूभाऊ, हे खरं आहे?" ते सोफ्यावर आडवे. म्हणाले, "अरे, खरं-खोटं आपण कोण ठरवणार? आपण विचारायचं! बाप आहोत, हक्क आहे! विचारायला काय जातं?" मी म्हटलं, "बरोबर आहे. विचारायला काय जातं!" झालं. तिथे बी पेरलं गेलं बघा.

दोन दिवसांत गच्चीवर सभा! जुळ्यांची आई आली, जिममास्तर आला, झाडून सगळे लहान मुलांचे आईबाप आले. जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या ताई आल्या, कडेवर त्यांचं बाळ, वॉचमन आला, त्याची बायको आली, मागच्या गल्लीतलेसुद्धा आले, गर्दी दिसली म्हणून. आणि साडूभाऊ उठले. "मी बोलणार नाही," म्हणाले. "मला यातलं कळत नाही. पण आपल्यात एक माणूस असा आहे की ज्याचं आयुष्य प्रिझर्व्हेटिव्हमध्ये गेलं!" सगळे माझ्याकडे बघायला लागले! टाळ्या! आणि मी... काय सांगू तुम्हाला... मी चढलो. हरभऱ्याच्या झाडावर चढवतात ना, तसा शेंड्यापर्यंत चढलो! "मित्रहो," म्हटलं, "दवाखान्यात जाऊन मी स्वतः विचारतो! उत्तर मिळेपर्यंत या इमारतीतलं एकही मूल दवाखान्याची पायरी चढणार नाही!" जुळ्यांची आई म्हणते, "भावजी, तुम्ही आमच्या मनातलं बोललात!" जिममास्तरानं मला मिठी मारली, बरगड्या अजून दुखतात. आणि इस्त्रीवाल्या ताई हळूच विचारतात, "साहेब, म्हणजे नेऊ नको ना बाळाला?" मी म्हटलं, "मुळीच नाही!" आमची ही कोपऱ्यात उभी. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, अभिमानानं गप्प आहे! काय माणूस आहे मी!

आता, लस मिळते बुधवारी. आणि नेमक्या त्या बुधवारी कारखान्यात फळाच्या गाड्या आल्या. फळ थांबतं का हो कुणासाठी? डबल पाळी. मी साडूभाऊंना फोन केला, "आज जमत नाही, पुढच्या बुधवारी जाऊन विचारतो." काय म्हणाले असतील? "तू बिनधास्त कामावर जा. किल्ला आम्ही सांभाळतो!" माझा ऊर भरून आला. म्हटलं, नातेवाईक असावेत तर असे.

आणि त्याच आठवड्यात समोरच्या इमारतीत गोवर निघाला. एका पोराला. मग त्याच्या बहिणीला. तापानं फणफणलेली, अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले... आमच्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसते. हिनं आमची खिडकी लावून घेतली, आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. एकदाच बोलली. "अहो, मला तुमचं उत्तर नको, मला सुई हवी. पोरीला काही झालं ना, तर मग विचारत बसा." पलीकडे गोवर, अलीकडे पारा, मध्ये पाळणा.

आला बुधवार. मी रजा टाकली. गुंडी, ही आणि मी, तिघं दवाखान्यात. तो लांब बाक, वजनाचा काटा, त्याच्या पारड्यात कुणाचा तरी एक मोजा पडलेला, कोपऱ्यात ती निळी थंड पेटी, आणि टेबलामागे सिस्टर. चांगल्या पोक्त, चष्मा दोरीनं गळ्यात. आणि बाक रिकामा! एक मूल नाही! माझी छाती इतकी फुगली म्हणून सांगू! म्हटलं, बघा, याला म्हणतात एकी! मी शब्द टाकला आणि बाक ओस पडला!

सिस्टर म्हणाल्या, "या, गुंडीचे बाबा." मी म्हटलं, "बसणार नाही. आधी प्रश्न." "विचारा की," म्हणाल्या, "विचारायला काय जातं?" मी थेट तोफ डागली. "लसीत पारा असतो की नसतो?" मला वाटलं, आता ही बाई चपापणार, इकडेतिकडे बघणार, साहेबांना विचारा म्हणणार. ती म्हणते, "काही लसींत असतो." शांतपणे! चष्मा पुसत! "म्हणजे पाऱ्यापासून केलेलं एक औषध, अगदी कणभर. ज्या बाटलीत दहा मुलांचे डोस असतात ना, त्यात दहा वेळा सुई जाते. एखाद्या वेळी जंतू आत गेला तर तो वाढू नये म्हणून घालतात. एकेका डोसाच्या बाटलीत लागत नाही, म्हणून घालत नाहीत." आणि मी... तुम्हाला सांगतो, मी तिथेच गार पडलो. ओला चमचा! अहो, माझा ओला चमचा! सासूबाईंना इतकी वर्षं सांगत आलो तेच ही बाई मला सांगतेय, आणि मी सासूबाईंसारखा बरणी दिव्यासमोर धरून उभा!

पण हार कशी मानणार? गच्चीवरचा पुढारी ना मी! म्हटलं, "तो थर्मामीटरमधला पारा..." "तो वेगळा," म्हणाल्या. "अंगात साठून राहतो तो प्रकारही वेगळा. हा काही दिवसांत शरीराबाहेर पडतो. तुमच्यासारखीच शंका मोठमोठ्या लोकांना आली होती, लाखो मुलांची पाहणी झाली, पोरांना अपाय झालेला दिसला नाही. तरी विचारलंत ते बरं केलंत. न विचारता घरी बसणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते." मग म्हणाल्या, "पण मला एक सांगा, तुम्ही हे आज का विचारताय?" "आज का म्हणजे? आज लस आहे!" "आज गुंडीला गोवराची आहे. त्यात पारा नाहीच." नाही? "कधीच नव्हता."

कधीच नव्हता!! मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मला राग आला! म्हटलं, "का नाही?" "अहो, त्यात जिवंत विषाणू असतो, नरम केलेला. त्यात असलं औषध घातलं तर लसच मरेल. विरजणाला कुणी उकळतं पाणी घालतं का?" मी म्हटलं, "मग पारावाल्या लसी कुठल्या?" तर म्हणतात, "त्या गुंडीला पहिल्या काही महिन्यांतच देऊन झाल्या की! तुम्हीच आणलं होतंत. मांडीवर घेऊन फोटो काढला होतात, मला म्हणालात, सिस्टर, जरा हसा." आणि ही, माझी बायको, शेजारी बसून मोजे घालतेय पोरीला, ओठ दाबून. म्हणजे मी एवढी गच्ची हादरवली ती कशासाठी? जे होतं ते कधीच देऊन झालं, आणि जे द्यायचं त्यात ते नाहीच!

बरं, झालं. म्हटलं, द्या मग सुई. सिस्टरनी पेटीतून बाटली काढली आणि अशी बोटांत धरली. म्हणाल्या, "ही दहा मुलांची बाटली आहे हो. यात औषध नाही ना, म्हणून एकदा उघडली की काही तासांत संपवायची. उरेल ते फेकायचं. आणि आज बघा, तुम्ही एकटेच." एकटेच! मग बाकाकडे बघून म्हणाल्या, "गेल्या बुधवारी कशी रांग होती. नऊ मुलं आली." कोण नऊ? "तुमच्याच इमारतीतली! ती जुळी आली, जिमवाल्यांची आली, तो दांडगा पैलवान आला, त्याला तर दोघांनी धरला." पैलवान?! "त्याचे वडील होते बरोबर, पडदेवाले." म्हटलं, "त्यांनी... त्यांनी काही विचारलं का?" "विचारलं ना. किती वेळ लागेल म्हणाले, गाडी दारात आडवी लावलीय." आणि मग म्हणाल्या, "एक डोस उरला होता. गुंडीची आई आदल्या दिवशी लसीचं विचारून गेली होती, म्हणून मी बंद होईपर्यंत वाट बघितली. मग ओतून दिला."

ओतून दिला! माझ्या पोरीचा डोस! मी फळाच्या गाड्या उतरवतोय, तिकडे किल्ला सांभाळणारे रांगेत उभे राहून टोचून घेतायत, आणि माझ्या पोरीचा ओतून दिला! डोक्यात तिडीक गेली. आणि समोर ती बाटली, दहा मुलांची, आणि माझी एकच. आणि खिडकीपलीकडे गोवर. मी म्हटलं, "सिस्टर, हलू नका! नऊ मुलं आणतो!" त्या काहीतरी म्हणत होत्या, "अहो, गुंडीचे बाबा..." पण मी कुठला ऐकतोय! चपला घातल्या आणि सुटलो!

आधी साडूच्या दारात. हो, आता 'भाऊ' नाही, साडू. दार उघडतो बनियनवर, खांद्यावर पैलवान. मी म्हटलं, "टोचलंत?" तो म्हणतो, "अरे, समोर गोवर येणार अशी कुणकुण लागली ना! लेकराचा प्रश्न आहे." "आणि पारा?" "ते तू विचारणार होतास ना? तू विचार. विचारायला काय जातं? तोवर आम्ही टोचून घेतलं." "मग मला सांगायचं तरी!" तर कसं तोंड करून म्हणतो, "तू एवढा पेटला होतास... म्हटलं, कशाला मोडायचं?" मोडायचं नव्हतं म्हणे त्याला! माझा केसानं गळा कापला आणि वर केस विंचरून दिले! पैलवान माझ्याकडे बघून हसला. त्याचा काय दोष, म्हणून गाल ओढला त्याचा.

मग कोण उरलं? ज्यांनी माझं खरंच ऐकलं ते उरले! हे बघा कसं आहे, मिठ्या मारणारे, टाळ्या पिटणारे सगळे टोचून मोकळे, आणि जे बिचारे गुपचूप मागे उभे होते, त्यांचीच पोरं राहिली. इस्त्रीवाल्या ताईंकडे गेलो. "ताई, चला, बाळाला घ्या, लस!" ताई इस्त्री उभी ठेवून म्हणतात, "साहेब, पण पारा?" "नाही त्यात पारा!" "नाही? तुम्हीच म्हणालात आहे." "त्या दुसऱ्या लसींत, कणभर, आणि त्यानं काही होत नाही!" "मग तेव्हा का ओरडत होता?" म्हटलं, "ताई, यात नाहीच आहे, शपथ!" तर बाई विचारात पडते आणि म्हणते, "नाही? मग ती टिकते कशी? खराब नसेल ना झाली?" आई गं! मी अक्षरशः हात जोडले. "टिकत नाही, म्हणूनच आत्ताच्या आत्ता चला!" "बघा हं साहेब. आपलं विचारलं. विचारायला काय जातं?"

वॉचमनच्या खोलीत तेच. मागच्या गल्लीत दारोदारी तेच. माझे प्रश्न, माझ्याच शब्दांत, माझेच हातवारे करून! एक आजोबा तर उद्गारचिन्हासकट बोलले. एका आईनं विचारलं, "तुमच्या स्वतःच्या मुलीला देणार का?" म्हटलं, "बाई, तिच्यासाठीच पळतोय हो. ती तिथे बसलीय. तुमचं मूल आलं तर तिला मिळेल." ती निमूट चप्पल घालायला लागली. जिना चढ, जिना उतर, एकाचं दुपटं, दुसऱ्याची बाटली, चपलेचा अंगठा तुटला, मी पाय घासत पुढे आणि मागे ही वरात! आया, कडेवर पोरं, इस्त्रीवाल्या ताई, मध्येच एक शेळी... ती कुणाची होती कोण जाणे, दवाखान्याच्या दारापर्यंत आली.

आत शिरलो. धापा टाकत. "सिस्टर! आणली! मोजून घ्या! उघडा बाटली!" आणि बघतो तर काय... बाटली उघडलेली. गुंडी आईच्या मांडीवर, दंडाला कापूस, डोळ्यांत पाणी, आणि हातात सिस्टरच्या चष्म्याची दोरी. खेळतेय! हसतेय! टोचून झालेलं! मी जिने चढत होतो तेव्हाच!

मी हिच्याकडे वळलो. "हे कधी?" ही म्हणते, "तुम्ही बाहेर पडलात आणि लगेच. मी त्यांना विचारलं, एकीसाठी उघडता का हो? त्या म्हणाल्या, हो." "मग मला फोन नाही करायचा?" आणि काय म्हणावं हिनं? माझ्या बायकोनं? तोच साडूचा चेहरा करून? "तुम्ही एवढे पेटला होतात... चांगलं काम करत होतात. म्हटलं, कशाला मोडायचं?"

मी सिस्टरकडे बोट रोखलं. "तुम्ही मला फसवलंत! दहा मुलांची बाटली म्हणालात!" "आहेच दहांची." "उरलं तर फेकायचं म्हणालात!" "आता नाही फेकावं लागणार. तुमची कृपा." "दहा जमल्याशिवाय उघडत नाही म्हणालात!" "हे मी कधी म्हणाले?" सुई भरता भरता म्हणतात, मान वर न करता! "पलीकडे गोवर आलाय, पोर दारात आलंय, तिला परत पाठवीन का मी? एकीसाठीसुद्धा उघडते. पण तुम्ही घाबरवलेली पोरं तुम्हीच आणलीत हे बरं झालं. मी बोलावलं असतं तर आली नसती." "मग मला आधी सांगायचं होतंत!" तर पुढच्या बाळाचा दंड पुसत म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कुठे? इतकं सगळं विचारलंत... तेवढं एक विचारायचं होतं. विचारायला काय जातं? आता उभे का? त्या बाळाचे पाय धरा."

धरले. सगळ्यांचे धरले. पोरं माझ्याच कानात रडली, आया माझ्याकडेच रागानं बघत होत्या. आणि झालं ते चांगलंच झालं हो, गुंडी ठीक आहे, त्या सगळ्यांची पोरं ठीक आहेत, माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की अख्ख्या जगात मी एकटाच खरोखर विचारत होतो आणि उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं!

काल सासरी गेलो होतो. सासूबाईंनी जॅमची बरणी आणली, दिव्यासमोर धरली, तोंड उघडलं, "जावईबापू, यात..." मी सावरून बसलो. म्हटलं, चला, इथे तरी आपली किंमत आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड मिटलं. आणि बरणी खाली ठेवत म्हणाल्या, "राहू द्या. मी त्या सिस्टरबाईंनाच विचारीन." जॅमबद्दल! तुम्हाला सांगतो, जॅमबद्दल! ...विचारू दे. विचारायला काय जातं.